मी आमेन म्हटलं नाही

मिशन कॉलेजच्या चॅपलमध्ये सगळ्यांचे डोळे मिटलेले, माना खाली, आणि प्रिन्सिपल सर देवाकडे माझी चहाडी करत होते.

"हे प्रभु, आ बहेनना मनमांथी कडवाश काढी नाख. एने नम्रता आप." गुजरातीत, गळा दाटून आल्यासारखं. या बहिणीच्या मनातला कडवटपणा काढून टाक म्हणे, हिला नम्रता दे. नाव घेतलं नाही. गरजच काय? आदल्या दिवशी पाहुण्या बिशपसाहेबांसमोर तोंड उघडणारी कॉलेजात मी एकटीच होते. पुढे म्हणाले, हिचे वाडवडील कुठे होते आणि तुझ्या कृपेनं कुठे आले, याची हिला आठवण करून दे. म्हणजे जात. हॉलभर पोरांसमोर, देवाच्या नावानं, माझी जात काढली या माणसानं. आणि प्रार्थनेत मध्ये बोलायचं नसतं. हे आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. मी ऐकत राहिले. शेवटी सगळे म्हणाले, "आमेन."

मीही म्हणाले.

सवयीनं! जीभच मेली तशी वळलेली. माझाच अपमान, आणि त्यावर मीच 'तसंच होवो' म्हणून बसले. सरांचा आला त्याहून जास्त संताप मला माझ्या जिभेचा आला.

असं काय विचारलं होतं मी? एवढंच, "साहेब, आमची लॅब कधी उघडणार?" बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष. केमिस्ट्रीची प्रॅक्टिकल परीक्षा तोंडावर आलेली. शिकवणारे एकेक करून निघून गेले होते, कुणी क्लास काढले, कुणी फॅक्टरीत लागलं. लॅबला कुलूप. आत काय? केटररची पातेली. कॉलेजचं मैदान लग्नांना भाड्यानं द्यायचे ना! बडोद्यात तेव्हा पार्टी प्लॉटचं पेव फुटलेलं, आमच्या सरांना वाटलं आपणच कशाला मागे राहायचं. खिडकीतून डोकावलं की ब्युरेटच्या स्टँडला झारे लटकलेले दिसायचे. टायट्रेशन मी पुस्तकातल्या चित्रावरून शिकत होते.

निजामपुऱ्याला घरी पोचले तर आईला आधीच कळलेलं. ती मिशनच्या दवाखान्यात आया होती, तिथं बातमी लगेच पोचायची.

"सरांचे पाय धर बाई," ती म्हणाली. "आधी पास हो. मग भांड सगळ्या जगाशी."

"लॅबच नाही तर पास कशी होऊ?"

"तुझे आजोबा नगरकडून इथं आले तेव्हा अंगावर धड कपडा नव्हता. या मिशनवाल्यांनी शिकवलं आपल्याला."

"यांनी नाही गं! यांच्या आधीच्यांनी. हे तर त्यांच्या जिवावर बसून खातायत."

आईनं ताट पुढं सरकवलं आणि तोंड फिरवलं.

पुढच्या आठवड्यात चॅपलमध्ये पुन्हा तेच. पुन्हा 'आ बहेन', पुन्हा कडवाश. सर आमेनपर्यंत आले. हॉल म्हणाला. मी दातांवर दात घट्ट दाबून धरले. शेजारच्या मुलीनं कोपरानं ढोसलं, "बोल ने!" नाही बोलले.

मग सर नेहमीसारखं म्हणाले, कुणाला प्रार्थना करायची असेल तर करावी. रिवाज होता तो. एखादी शहाणी मुलगी उठायची, सरांच्या तब्येतीसाठी काहीबाही मागायची आणि बसायची. त्या दिवशी मी उठले. डोळे उघडे ठेवून. गुजरातीतच बोलले, सगळ्यांना कळावं म्हणून.

"प्रभू, आमच्या लॅबमधली पातेली बाहेर काढ. आम्हाला शिकवायला माणूस दे. सरांनी स्वतःच्या मुलाला दुसऱ्या कॉलेजात घातलंय, म्हणजे हे कॉलेज कसं आहे ते तुलाही ठाऊक आहे आणि त्यांनाही. जे आम्हाला आमच्या जातीची आठवण करून देतात, त्यांना त्यांच्या कामाची आठवण करून दे."

सरांनी खाडकन डोळे उघडले. नजरानजर झाली. तोंड लालबुंद. पण करतात काय? प्रार्थनेत मध्ये बोलायचं नसतं ना! त्यांचाच नियम. घ्या, ऐका आता.

"आमेन," मी म्हटलं. एकटीनं. एवढ्या मोठ्या हॉलमधून दुसरा आवाज निघाला नाही.

दुपारी केबिनमध्ये बोलावलं. "तमने लोकोने अमे ज माथे चढाव्या," सर म्हणाले. तुम्हा लोकांना आम्हीच डोक्यावर चढवलं, म्हणे. "उद्या सगळ्यांसमोर माफी माग. नाहीतर परीक्षेला बसू देणार नाही."

"नाही मागणार."

बसू दिलं नाही. वर्ष गेलं. आई कितीतरी दिवस माझ्याशी बोलली नाही. ज्यांनी आमेन म्हटलं होतं ते परीक्षेला बसले, आणि बहुतेक सगळे आपटले. कधी हातात न घेतलेली ब्युरेट बाहेरच्या परीक्षकासमोर धरणार कशी? त्यांनी माझ्या बाजूनं एक शब्द काढला नव्हता. तरी मला त्यांची कीव आली, आणि सरांची चीड दुप्पट झाली. मी दुसऱ्या कॉलेजात पुन्हा पहिल्यापासून बसले आणि पास झाले. आमचं कॉलेज पुढे बंद पडलं. मैदान मात्र जोरात चालू आहे.

मी अजून चर्चला जाते. देवाशी माझं भांडण नव्हतंच. पण डोळे मिटत नाही. पुढे उभा राहून कोण काय मागतोय, कुणाचं नाक ठेचायला मागतोय, ते नीट बघते. पटलं तर आमेन. नाही पटलं तर उभी राहते. आणि मी उभी राहिले की मध्ये कुणी बोलायचं नसतं.