तळ्याकाठी चोळलेला कांदा

चहा संपेपर्यंत कोणी हसणार नाही, असं आधी कबूल करा. मग सांगतो. हा मूर्खपणा मी नागपुरातल्या नागपुरात केला असता तर खपून गेला असता हो! पण मी तो केला थेट हिमालयात, बर्फाच्या तळ्याकाठी, चार परक्या माणसांसमोर.

आमचं घर नागपूरला लागून असलेल्या वाडीला. पुढे अमरावती रोड, मागे ट्रान्सपोर्टची गोदामं. मी त्याच गोदामांत ट्रकवर माल चढवून घेतो, त्यामुळे माझा आवाज इंजिनाच्या वरताण. घरीही तोच वापरतो. माझी बायको सुनंदा बालवाडीत बाई आहे. दिवसभर पोरांचा गलका, संध्याकाळी ट्रकचे हॉर्न, आणि जेवताना मी! सत्तावीस वर्षांत तिनं कधी दागिना मागितला नाही. मागणं एकच, "मले एकदा अशा ठिकाणी न्या, जिथं कोणाचाच आवाज नसन. एक तास बसू द्या फक्त."

म्हणून यंदा जूनमध्ये निघालो. नागपूर भट्टीसारखं तापलेलं. लू लागू नये म्हणून खिशात कांदा टाकला. आम्ही एक वेळ पाकीट विसरू, कांदा विसरणार नाही.

मनालीहून गाडी केली. ड्रायव्हर दोरजे. काय ते डोंगर, काय ते झरे! आणि मी? मी त्याला सावजी रस्सा कसा करतात ते समजावत होतो. मध्येच तो म्हणाला, "साहब, ऊपर हवा पतली है. कोई अचानक चुप हो जाए तो समझना, तबियत बिगड़ी."

सगळ्या प्रवासात मी एवढं एकच वाक्य नीट ऐकलं.

तळं आलं. काठावर अजून बर्फ होता. इतकं निळं पाणी मी जन्मात पाहिलं नव्हतं. सुनंदा लांब एका दगडावर जाऊन बसली. मी चहाच्या तंबूत शिरलो आणि तिथल्या माणसाला नागपूरचा उन्हाळा सांगत बसलो. पाऊणएक तासानं तिच्यासाठी चहा घेऊन गेलो.

"चहा घेते का वं?"

उत्तर नाही.

"थंडी वाजून राहिली का?"

गप्प! पुढून पाहतो तर गालांवर पाणी. मला दोरजेचं वाक्य आठवलं.

"सुनंदा! बोल ना वं! काहून बोलत नाही?"

तिनं ओठांवर बोट ठेवलं. झालं, हिची वाचा गेली! मग तिनं मनगटावरचं घड्याळ दाखवलं. म्हणजे वेळ थोडा उरला! मग दहा बोटं पसरून दाखवली. म्हणजे बोटंही सुन्न पडली! आता तुम्हीच सांगा, याहून वेगळा अर्थ कसा काढायचा?

"धावा हो धावा! माही बायको चालली!"

समोरच्या डोंगरानं माझी आरोळी जशीच्या तशी परत पाठवली. दोन गाड्यांतले पर्यटक धावत आले. कोणी कापूर हुंगवला, कोणी पाठ चोळली. मी तिचे बूट काढले, मोजे काढले, खिशातला कांदा दगडावर फोडला आणि तिच्या तळपायांना चोळायला लागलो. हो, उन्हाच्या झळेवरचा उपाय! हाताच्या अंतरावर बर्फ!

"भाई साहब, ये कैसा इलाज?" एकानं विचारलं.

"हमारे नागपुर में यही करते!"

सुनंदानं डोळे मिटून घेतले. थोड्या वेळानं घड्याळ पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "झाला एक तास. अहो, सकाळी गाडीत दोनदा सांगतलं तुम्हाले, तळ्यावर मी तासभर मौन धरणार हाय, तुम्ही बी बोलू नका. तुम्ही त्या ड्रायव्हरले रस्सा शिकवून राहिले होते."

"मंग रडून काहून राहिली होती?"

"बरं वाटत होतं म्हणून!"

पर्यटक एकेक करून पांगले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सत्तावीस वर्षांत एक तास मागितला, तोही मी तिला धड दिला नाही. माफी मागायला तोंड उघडलं, तर धाप लागली आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. दोरजेनं बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचं यंत्र आणलं. आधी तिला लावलं, मग मला.

"मैडम एकदम ठीक. साहब, तबियत आपकी बिगड़ी है."

आणि त्यानं माझ्या नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क चढवला. "आधा घंटा. बात बिल्कुल नहीं."

बसलो. सुनंदा शेजारी येऊन बसली आणि कांद्याचा वास येणारा माझा हात तिनं हातात घेतला. काठाला पाणी लागत होतं, तेवढाच आवाज. मलाही तो पहिल्यांदाच ऐकू आला. बायको इतकी खूश मी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. मला वाटलं, मनापासून माफ केलं हिनं.

तेवढ्यात ती दोरजेकडे वळली आणि तिनं अगदी हळू आवाजात विचारलं, "भैया, ये मास्क नागपुर में मिलता क्या?"