आधी खुणा, मग आठ

मी गाडी शिकत होते तेव्हा धाकटे दीर सगळ्या शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, "वहिनी, तुम्ही आपलं लाटणं फिरवा, स्टिअरिंग नको." ते मी मनात धरून ठेवलं.

लायसन्सच्या परीक्षेला मला आणि दिरांना एकाच दिवशी बोलावलं. आधी रस्त्यावरच्या खुणा ओळखायच्या, मग मैदानात गाडी आठाच्या आकड्यात फिरवायची, शेवटी रस्त्यावर चालवून दाखवायची. गावाकडे जीप चालवलेल्या दिरांनी खुणांकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. ते तिथेच अडकले.

"साहेब, आठ काढून दाखवतो ना!"

"आधी खुणा. त्याशिवाय पुढे नाही," साहेब म्हणाले.

मी तिन्ही टप्पे पार केले. परतताना सोबत आलेले माझे हे शेजारी बसले आणि दीर मागे. चिंचवडपासून निगडीपर्यंत दिसेल ती पाटी मी मोठ्यानं सांगत गेले. "भाऊजी, हे वळण. भाऊजी, ही शाळा."

"पुरे की वहिनी," ते पुटपुटले. मी थांबले नाही.

तेवढ्यानं माझं समाधान झालं नाही. दुसऱ्याच दिवशी मी दिरांच्या बायकोला, माझ्या जावेला, हाक मारून स्टिअरिंगवर बसवलं. तिचं लायसन्स त्यांच्या आधी आलं.