बिजलीच्या डोळ्याखालचा भोवरा

लष्कर नावाच्या संस्थानी शहरात, पाटणकर बाजाराच्या मागच्या गल्लीत जगदेवराव राहत. आपण शिलेदार आहोत हे गल्लीतल्या कुत्र्यांनाही ठाऊक असावं, असा त्यांचा आग्रह असे. शिलेदार म्हणजे स्वतःच्या घोड्यावर बसून चाकरी करणारा. ज्याला घोडा सरकारातून मिळतो, तो बारगीर. लढाया संपून पिढ्या लोटल्या होत्या आणि जगदेवरावांनी तलवार उपसली असेल तर ती खंडेनवमीला पुसण्यापुरती. पण दसऱ्याच्या स्वारीत शिलेदार पुढे नि बारगीर मागे, ही रीत शाबूत होती, आणि पुढच्या रांगेतल्या त्या जागेच्या जोरावर जगदेवराव वर्षभर ताठ चालत. समोर राहणारा सूर्याजी नात्यानं पुतण्या, पण नोकरीनं बारगीर. त्याला हाक मारायची तर "काय बारगीर, जेवलात का?" अशीच.

त्या वर्षी आषाढात त्यांचा म्हातारा घोडा मेला. नवा घेण्याची ऐपत नव्हती, आणि तसं कबूल करण्याची तर त्याहून नव्हती. तबेल्यात उरली बिजली.

बिजली नऊ वर्षांची, घरातच जन्मलेली, अंगानं भरलेली घोडी. तिच्या पाठीवर आजवर माशीखेरीज कुणी बसलं नव्हतं. कारण तिच्या डाव्या डोळ्याखाली केसांचा भोवरा होता. असलं जनावर धन्याला रडवतं, असं जगदेवरावांच्या वडिलांनी ती जन्मली त्याच दिवशी जाहीर केलं आणि पुढे मरेपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्याला हाताला धरून नेऊन तो भोवरा दाखवला. मग तिला गिऱ्हाईक कुठून मिळणार? घोडी नुसती उभी राहिली. नाव बिजली, पण स्वभाव इतका थंड की जगदेवरावांच्या पत्नी सुलोचनाबाई तिच्या पाठीवर गोधड्या वाळत घालत.

आता दसऱ्याला एक तर ही घोडी, नाही तर सरकारी घोडं आणि सूर्याजीच्या शेजारची जागा. घोडी शिकवायला चाबूकस्वार बोलावला, तो भोवरा बघून दारातूनच परतला. जगदेवरावांनी मिशीवर हात फिरवला आणि स्वतःच लगाम उचलला.

इथे खरं ते सांगायला हवं. आयुष्यभर बढाया मारलेल्या या माणसानं ते काम फार चांगलं केलं. थोराड घोडीला घाई चालत नाही. तिला स्वतःचं मत असतं. त्यांनी तिला आधी लांब दोरावर फिरवलं. मग पाठीवर गोधडीच्या जागी खोगीर आलं, पोटाखालचा तंग एकेक भोक करत आवळला गेला, मग खोगिरावर हरभऱ्याचं पोतं चढलं. एकदा पोतं पाडून ती परसभर उधळली, तर जगदेवराव चाबूक न उचलता ती थांबेपर्यंत विहिरीच्या काठावर बसून राहिले. मग एका सकाळी, चढायच्या दगडावरून, श्वास रोखून, ते स्वतः बसले. बिजलीनं मान वळवून त्यांच्या बुटाचा वास घेतला आणि चालू लागली. जगदेवरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. सुलोचनाबाईंना त्यांनी धूळ गेली म्हणून सांगितलं.

भाद्रपद सरेपर्यंत घोडी बाजारातून, टांग्यांमधून, बँडवाल्यांच्या तालमीजवळूनही निमूट जाऊ लागली. पुढची रांग वाचली होती. आता गप्प बसायचं होतं, आणि तेवढंच त्यांना जमत नसे.

दसऱ्याच्या दिवशी त्यांनी ट्रंकेतून आजोबांच्या घोड्याचा रेशमी गोंडा काढला आणि बिजलीच्या कपाळपट्टीला असा बांधला की झुपका बरोबर भोवऱ्यावर लोंबावा.

"रोज तिचं तोंड मोकळं असतं," सुलोचनाबाई म्हणाल्या. "आजच्या दिवशी नवं काही नका घालू."

"लोक भोवरा बघतील."

"लोकांनी तो कधीच बघितलाय. मामंजींनी कुणाला सोडलं होतं?"

"स्वारीतलं तुला काय समजतं?" म्हणून ते निघाले.

बाड्यापर्यंत, म्हणजे शहराच्या मुख्य चौकापर्यंत, घोडी कशीबशी आली. तिथे वारा सुटला, नगारा वाजला, आणि आधीच झाकल्या गेलेल्या डोळ्यात रेशमाचे फटके बसू लागले. बिजली उधळली नाही, उसळली नाही. थांबली. भर चौकात, दुतर्फा माणसं, आणि ती खांबासारखी उभी. जगदेवरावांनी टाच मारली, चुचकारलं, दबक्या आवाजात शिव्या दिल्या. शिलेदारांची रांग पुढे निघून गेली. मागून सूर्याजी आला.

"काका, तो गोंडा हटवा. तिला दिखत नाहीये."

"तू जा पुढे."

"आम्ही बारगीर, काका. पुढे कसे जाणार? तुम्ही रस्त्यात खडे आहात."

मागे सगळे बारगीर खोळंबले. शेवटी जगदेवरावांनी वाकून गोंडा ओढून काढला. बिजलीनं डोळा मिचकावला आणि चालू लागली, रोजच्यासारखी, सुरेख. पण जागा गेली होती. सबंध वाट ते सूर्याजीच्या शेजारी, बारगिरांमध्ये. भोवरा उघडाच होता आणि त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. लोक हत्ती बघत होते.

घरी येऊन जगदेवराव म्हणाले, "भोवऱ्यानंच घात केला. वडील सांगत होते." बिजलीवर पुन्हा खोगीर चढलं नाही. पुढच्या वर्षापासून ते सरकारी घोड्यावर बसू लागले. सूर्याजीला नावानं हाक मारू लागले.

एवढी शहाणी झालेली घोडी अशी वाया जावी, याचा राग येतो. पुढे किती तरी दिवस ती सकाळी आपणहून चढायच्या दगडापाशी येऊन पाठ देऊन उभी राहायची. जगदेवराव ओसरीवर चहा पीत बसलेले असायचे. पाहुणा आला की ते उठायचे, त्याला हाताला धरून न्यायचे आणि तिचं तोंड उजेडाकडे वळवून तो भोवरा दाखवायचे.