पिंपाला कान लावणारी

माझी बायको सुमन बिअरच्या पिंपाला कान लावायची. आधी बोटाच्या पेराने टकटक करायची, मग डोळे मिटून ऐकायची. गावाकडे फणस पिकला का ते बघतात, तसं. "आणखी चार दीस," म्हणायची आणि पिंप परत पलंगाखाली ढकलायची. स्वतः कधी एक घोट घेतला नाही तिने.

मी शिकलेला माणूस नाही. सातवी करून गॅरेजला लागलो, तिथून मस्कतला. गाला भागात एका गॅरेजमध्ये तीस वर्षं इंजिनं खोलली. फोरमन झाल्यावर कंपनीने दोन खोल्या दिल्या, तेव्हा सुमनला मालवणहून आणली. मी प्यायचो. कुठेही, कोणाच्याही खोलीवर. एकदा गॅरेजच्या ड्रायव्हरने मला उचलून घरी आणून टाकलं. दुसऱ्या दिवशी चहा पुढे ठेवत ती म्हणाली, "पिवचा तर घरात पिया. भायर खय पडलास तर मी कोणाक इचारू? माका हयली भाषा येणा नाय."

त्याच सुमारास आमचा गोरा सुपरवायझर नोकरी सोडून त्याच्या देशात चालला होता. जाताना त्याने मला एक मोठी बादली आणि पाच पाच लिटरची चार पिंपं दिली. मिनी केग म्हणतात त्यांना. वर रबरी बूच, खाली ओढायचा छोटा नळ. बिअर कशी करायची ते तो मला इंग्रजीत सांगत होता आणि सुमन दारात उभी राहून त्याच्या हातांकडे बघत होती. मी सगळं विसरलो. तिने सगळं उचललं. घरी दारू बनवणं इथल्या कायद्यात बसत नाही, हे आम्हाला ठाऊक होतं. ती घाबरायची, खिडक्या लावून घ्यायची, पण करायची. नवरा नजरेसमोर राहतो, तिला तेवढंच हवं होतं.

भांडी उकळत्या पाण्याने धुवायची. मला जवळ येऊ द्यायची नाही. "तुमच्या हाताक ग्रीस, लांब ऱ्हवा." बादलीत आंबलेली बिअर पिंपात भरताना चमच्याने मोजून साखर घालायची, त्याने आत गॅस धरतो. "बाटलेपेक्षा पिंपाक साकर कमी. नायतर फुगतला." मग दोन आठवडे एसीच्या खोलीत, शेवटचा एक दिवस फ्रीजमध्ये. पिंप एकदा उघडलं की आत हवा जाते, दोन-तीन दिवसांत संपवावं लागतं. म्हणून शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, मी माणसं बोलवायचो.

आता लाजेची गोष्ट सांगतो. मी ती बिअर माझी म्हणून पाजायचो. आमचा इलेक्ट्रिशियन शिंदे, साताऱ्याचा, ग्लास पुढे करून ओरडायचा, "यल्ला, चल मास्टर, ओत! आज काय जादू केलीस?" आणि मी नळ ओढत म्हणायचो, "हाताचा अंदाज लागतो, शिंदे." सुमन आत सुरमई तळत असायची. भिंत एवढीशी. तिला सगळं ऐकू जायचं. पाहुणे गेल्यावर ती फक्त विचारायची, "फेस बरो इल्लो मां?"

माझी साठी जवळ आली तेव्हा व्हिसा वाढवून घ्यायचा होता. ते कंपनीच्या साहेबांच्या हातात. साहेब पुण्याचे. त्यांना शुक्रवारी जेवायला बोलावलं. जोरदार फेस दाखवावा म्हणून सुमन बाजारात गेली असताना तिने भरून ठेवलेल्या पिंपाचं मी बूच काढलं, दोन मुठी साखर आत टाकली आणि बूच परत ठोकलं.

आठवड्याने पिंपाचा तळ फुगून आला. पिंप उभं राहीना. तिने हात फिरवून बघितलं.

"ह्येका हात कोणी लायल्यान?"

"कोण लावणार? तुझा काहीतरी वहीम."

"ह्या उघडू नकात. दुसरा काढा."

मी ऐकलं नाही. शुक्रवारी साहेब समोर, शिंदे बाजूला, मी ऐटीत बूच सैल करायला गेलो. धडाम आवाज झाला. बूच छताला लागलं, आणि सगळी बिअर साहेबांच्या पांढऱ्या शर्टावर. साहेबांचा चष्मासुद्धा गळत होता. आणि मी स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडलो, "अक्कल आहे का तुला? काय घालून ठेवलंस यात?"

तोपर्यंत बिअरच्या बाबतीत तिचं नाव मी चारचौघांत एकदाही घेतलं नव्हतं. घेतलं ते असं.

ती टॉवेल घेऊन बाहेर आली. साहेबांना टॉवेल दिला. खाली बघून म्हणाली, "माझा चुकला." साहेब हसले, म्हणाले, "असू दे वहिनी." व्हिसा वाढला. सुमनने पिंपं धुतली, पुसली आणि भंगारवाल्याला देऊन टाकली. परत कधी बिअर केली नाही.

नोकरी संपल्यावर आम्ही इथेच नोकरी करणाऱ्या मुलाकडे, मस्कतच्याच अल मवालेह भागात राहायला आलो. यंदा ती आजारी पडली. एका दुपारी हॉस्पिटलात कोणी नव्हतं, तेव्हा मी सांगून टाकलं. "सुमन, ती साखर मी घातली होती."

"माका तेवाच म्हायत होता. साकरेचो डबो मीच भरतंय."

"मग बोलली का नाहीस?"

"वराडलास चार माणसांत. आणि सांगतास एकट्यात."

त्यानंतर नऊ दिवसांनी ती गेली.

शिंदे भेटायला आला. तोही म्हातारा झालाय. सोफ्यावर बसून रडला. म्हणाला, "भाऊ, वहिनींच्या हातची सुरमई विसरणार नाही. बिअर तेवढी त्यांना जमली नाही, ते काम तुझंच. साहेबांचा शर्ट आठवतोय ना?" आणि डोळे पुसत हसला. मुलगा, सून समोर होते. तोंड उघडायला यापेक्षा चांगली वेळ मिळणार नव्हती.

मी म्हणालो, "चहा घेणार ना, शिंदे?"

म्हणून हे लिहून मुलाकडे देतोय, शिंद्याला वाचून दाखव म्हणून. सगळी चांगली पिंपं तिची होती. उडालं ते एकटं माझं.