लोखंडी खाटेचं टेबल

महाल भागातलं ब्लाऊजचं दुकान सोडलं तेव्हा प्रेमलताबाईंना तिथं अठरा वर्षं झाली होती. सासूला, प्रयागबाईंना, लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. घरी दिवसभर कोणीतरी हवं होतं. मालकानं निघताना एक जुनी पायमशीन देऊन टाकली. ती नंदनवनच्या घरात समोरच्या खोलीत आली, आणि सासू मागच्या खोलीत, लोखंडी खाटेवर.

प्रयागबाईंना काही हवं असलं की त्या डाव्या हातानं स्टीलची वाटी खाटेच्या दांडीवर वाजवायच्या. प्रेमलताबाई मशीन थांबवून "आली, आली" म्हणत उठायच्या. असं तीन वर्षं चाललं.

मागच्या उन्हाळ्यात, लग्नसराईत, दुपारी तीनच्या सुमारास वाटी वाजली. नवरीचा ब्लाऊज संध्याकाळी द्यायचा होता, आणि बाही अर्धी लागली होती. प्रेमलताबाई "आली" म्हणाल्या आणि बाही पुरी केली. मग दुसरी हातात होतीच, तीही लावली. वाटी आणखी दोनदा वाजली, मग वाजली नाही. त्या आत गेल्या तेव्हा वाटी जमिनीवर होती आणि सासूचे डोळे दाराकडे होते.

डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. शेजारीपाजारी म्हणाले, सुनेनं खूप केलं. प्रेमलताबाईंनी मान हलवली. त्या दोन बाह्यांबद्दल त्या कोणाजवळ बोलल्या नाहीत.

तेरवी झाल्यावर त्यांचे यजमान मारोतराव म्हणाले की आता मागची खोली शिलाईला घे, खाट भंगारात देऊन टाकू. त्यांचं कूलर आणि मोटारी दुरुस्तीचं काम होतं, भंगारवाला रोजच्या ओळखीचा. पण प्रेमलताबाईंनी खाट देऊ दिली नाही.

"चांगलं लोखंड आहे," त्या म्हणाल्या. "टेबलाले पैसे काहून घालायचे?"

खाटेचे पाय विटांवर चढवले, वर न्हाणीघराचं काढून ठेवलेलं दार टाकलं, त्यावर जुनं कांबळं ताणून बसवलं. कटिंगही तिथं, इस्त्रीही तिथं. सासूसाठी विकत घेतलेला सलाईनचा स्टँड होता, त्याला शिवलेले ब्लाऊज लटकू लागले. गोळ्यांच्या डब्यांत हुक आणि बटणं गेली. सासूच्या शौचाच्या खुर्चीचं भांडं काढून मारोतरावांनी वर फळी ठोकली; मशीनसमोर बसायला ती अगदी बरोबर उंचीची निघाली. कूलरची एक जाळी भिंतीला लागली, तिच्यावर कात्र्या, टेप, धाग्यांची रिळं. भंगारातून आणलेलं कपाटाचं आरशाचं दार कोपऱ्यात उभं राहिलं. खोली अशी झाली की बाया येऊन फोटो काढून नेत.

पहिल्याच आठवड्यात, अस्तर कापताना, प्रेमलताबाईंना वाटी ऐकू आली.

कात्री दांडीला लागली असेल, असं त्यांना वाटलं. त्यांनी दांडीला जुन्या लुगड्याच्या पट्ट्या गुंडाळल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच आवाज, तीनच्या सुमारास. विटा हलतात का ते मारोतरावांनी पाहिलं. त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. प्रेमलताबाई मशीन पुन्हा समोरच्या खोलीत नेऊन बसल्या, तर आवाज मागून येऊ लागला, पूर्वी यायचा तसाच. मग त्या परत आत आल्या. आवाज झाला की त्या आपोआप उभ्या राहत आणि तोंडातून "आली" निघे. एका गिऱ्हाइकानं विचारलंही, कोणाले म्हणता वं ताई? त्यांनी हसून टाळलं.

दिवाळीआधी नणंद जया मनीषनगरहून ब्लाऊजपीस घेऊन आली. प्रेमलताबाई तिच्या पाठीचं माप घेत होत्या. टेप खांद्यावर धरला असताना त्या एकदम वळल्या, "आली" म्हणाल्या आणि खाटेजवळ जाऊन उभ्या राहिल्या. टेप जयाच्या खांद्यावर तसाच लोंबत राहिला.

 जया नुसती पाहत राहिली, आणि तेवढ्यानं प्रेमलताबाईंचा बांध फुटला. नवरीचा ब्लाऊज, पहिली बाही, दुसरी बाही, सगळं त्यांनी सांगितलं. जयानं आईसाठी चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं त्यांना नंतर कितीदा वाटलं.

 मग जया म्हणाली, "मी यायची तेव्हाही आई वाटी वाजवे, वहिनी. मी बाजूले बसून राहत होती, हात धरून, तरी वाजवे. पाणी नको, काही नको. तिले मी नव्हती पाहिजे. तुम्ही पाहिजे होत्या."

समजूत काढायलाच ती बोलली होती. प्रेमलताबाईंनी टेप उचलला आणि माप पहिल्यापासून घेतलं. आकडे त्यांनी वहीत दोनदा चुकीचे लिहिले, शेवटी जयानंच लिहून दिले.

आता त्यांच्याकडे तीन मुली शिकायला येतात. काम वाढलं आहे, नाव झालं आहे. पण तीन वाजले की प्रेमलताबाई मुलींना समोरच्या खोलीत हुक लावायला, तुरपाईला बसवतात, आणि आपण मागे जाऊन टेबलावरचं कापड बाजूला करतात. चार वाजेपर्यंत त्या खाटेजवळ बसतात. हातात काम नसतं. मुली म्हणतात, ताई आराम करून राहिल्या.