ठिपक्यांच्या रेघेवरचा ओदेलू

एनगंटी ओदेलू कामाच्या वेळात जागेवर कधी सापडायचा नाही आणि त्यामुळे कुणाचं काही अडायचंही नाही, असं आमच्या वीजघरातली मंडळी सांगत. त्यातलं पहिलं खरं होतं. दुसरं किती खोटं होतं, हे कळायला अकरा वर्षं आणि एक नवा साहेब लागला.

ओदेलू नियोजन विभागात ट्रेसर होता. साहेबांनी पेन्सिलीनं खरडलेला आराखडा पारदर्शक कागदावर शाईनं उतरवायचा, एवढंच त्याचं काम. शिक्षण सातवी. त्याआधी तो पेद्दपल्लीत दुकानांच्या पाट्या रंगवायचा. वीजघर उभं राहताना तेलाच्या टाक्यांवर आकडे लिहायला माणूस हवा होता, म्हणून याला बोलावलं, आणि तेव्हाच्या साहेबाला याचा आठ फार आवडला. एका आठावर सरकारी नोकरी लागलेला माणूस साऱ्या गोदावरीकाठावर दुसरा नसेल. बोटं कायम शाईची, गालात पान, आणि कान असे की, भिंतीपलीकडची कुजबुजसुद्धा वाया जायची नाही.

दर पावसाळ्यात वीज तयार करणारा एकेक संच बंद करून आतून उघडायचा, झिजलेलं बदलायचं आणि पुन्हा मिटायचा. त्या कामाचा भलाथोरला नकाशा ओदेलू काढायचा. नुसती वर्तुळं आणि बाण. एकेका बाणावर कामाचं नाव आणि त्याला लागणारे दिवस. वर्तुळात शिरणारे सगळे बाण पोचले, की मगच पुढचा बाण सुटायचा. सगळ्यांत लांब साखळी लाल शाईनं. त्या साखळीत कुणी एक दिवस घालवला, की अख्ख्या संचाचा एक दिवस गेला. बाकी साखळ्या काळ्या. आणि मधूनमधून काही बाण ठिपक्याठिपक्यांचे. ठिपक्यांच्या बाणाला काम नाही, वेळ नाही. ‘ह्याचं आटोपल्याशिवाय त्यानं हात लावू नये’ एवढाच त्याचा अर्थ. त्यावर शून्य लिहायची पद्धत.

दोन नंबरच्या संचाच्या नकाशात असे नऊ ठिपकेबाण होते, सगळे बॉयलरकडून टर्बाइनकडे नाहीतर तिकडून इकडे. बॉयलरच्या माणसानं वाफेचे व्हॉल्व्ह बंद करून कुलपं घालायची, परमिटावर सही करायची. टर्बाइनच्या माणसानं ते परमिट सही करून घ्यायचं आणि कामाला लागायचं. दोन सह्या. शून्य वेळ.

आता बॉयलरचा फोरमन होता युसूफमियाँ आणि टर्बाइनचा दासरी सम्मय्या, आणि हे दोघे अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कारण विचाराल तर सम्मय्या सांगायचा की, युसूफनं वजन उचलायचा पाच टनी चेनब्लॉक उसना नेला आणि कडी ताणून परत दिला. युसूफ सांगायचा की, आपल्या मुलीच्या लग्नात सम्मय्याला दुसऱ्या पंगतीला बसावं लागलं, ते त्याच्या पोटात अजून जिरलं नाही. वसाहतीतल्या बायकांकडे तिसरंच कारण होतं, पण ते इथं लिहिण्यासारखं नाही.

परमिटावर सही करून युसूफ ते टेबलावर ठेवून द्यायचा. “गरज असेल तो येऊन घेऊन जाईल.” सम्मय्या आपल्या टेबलाशी बसून म्हणायचा, “ज्याचं काम झालं, त्यानं आणून द्यावं.” मधलं अंतर दोन फर्लांग. नकाशावर शून्य.

तो कागद ओदेलू न्यायचा. कुणी सांगितलं नव्हतं. शाई वाळेपर्यंत बसून काय करायचं, म्हणून तो सायकल काढायचा, बॉयलरकडून कागद उचलायचा, टर्बाइनकडे टाकायचा. आणि नुसता कागद नेणारा तो माणूसच नव्हे. जाताना दोन शब्द पदरचे घालायचा. “अन्ना, तुमची कंबर कशी आहे, युसूफभाई विचारत होते.” तिकडे, “युसूफभाई, व्हॉल्व्ह बंद करावे तर तुमच्याच माणसांनी, असं सम्मय्या अन्ना म्हणाला.” दोघंही हे ऐकून तोंड फिरवायचे आणि सही मात्र झटकन करायचे. पुढे पुढे तर मजल सणासुदीपर्यंत गेली. संक्रांतीला सम्मय्याच्या घरचे म्हणून सकिनालूंचा, म्हणजे तांदळाच्या कुरकुरीत कड्यांचा, डबा युसूफकडे जायचा, ईदला युसूफच्या घरची म्हणून शेवयांची खीर सम्मय्याकडे. दोन्ही करायची ओदेलूची बायको लच्चव्वा. डबे धुऊन परत यायचे, पण नाव तिचं कधी निघालं नाही.

मग आले वेलूरी कामेश्वर राव. गुंटूरकडचे, हुशार, गोड बोलणारे, हैदराबादहून नियोजनाचं खास शिक्षण घेऊन आलेले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी रिकामी खुर्ची पाहिली, आणि ओदेलू सायकलवरून उतरला तेव्हा हात जोडून म्हणाले, “ओदेलूगारू, तुमची जागा इथे आहे. बाहेर तुमचं काय काम असतं, मला सांगाल?” काय सांगणार? नकाशात तर तसं काही कामच नव्हतं. ओदेलू खुर्चीत बसला.

दोन नंबरचा संच उघडून नऊ दिवस झाले, तेव्हा रावसाहेबांच्या कपाळावर आठी आली. भिंतीवर पट्ट्यांचा तक्ता होता. जेवढं काम झालं तेवढी पट्टी रोज निळी करायची. प्रत्येक पट्टी ठरल्या लांबीचीच निळी झाली होती. चार दिवसांचं काम चार दिवसांत, दोनचं दोनमध्ये. कुणीही एक तास जास्त घेतला नव्हता, आणि संच तीन दिवस मागे होता. सव्वीस दिवसांचा शब्द वर हैदराबादला दिलेला. रावसाहेब तक्त्यापुढे उभे राहून बेरजा करत राहिले. शेवटी त्यांना एक धागा सापडला: उशीर होतो तो दर वेळी बॉयलरचं काम संपल्यावर. म्हणजे काम झालं नसताना झालं म्हणून कळवणारा माणूस बॉयलरमध्ये बसला आहे.

त्यांनी युसूफमियाँच्या नावानं खोटा अहवाल दिल्याचा मेमो तयार केला. युसूफला निवृत्तीला चार महिने राहिले होते. चौकशी लागली की पेन्शन अडकते, हे रावसाहेबांना माहीत नव्हतं असं नाही. पण ते नियमाचे मोठे पक्के. मेमोला पुरावा म्हणून नकाशाची प्रत जोडायची होती, प्रत्यक्षात लागलेल्या दिवसांसह, आणि ती ट्रेस करायला त्यांनी दिली ओदेलूला. दुसऱ्या दिवशी दहाला बैठक, दोन्ही फोरमन हजर.

ओदेलू दिवसभर कागदापुढे बसला. आकडे लिहायला त्याला कधी वेळ लागत नसे. त्या दिवशी त्यानं खायची चार पानं संपवली आणि एक रेघ ओढली नाही. गप्प बसावं तर युसूफ अडकतो. बोलावं तर अकरा वर्षांच्या सगळ्या थापा उघड्या पडतात, आणि दोन्ही दारं एकदम बंद होतात. त्याला तर ह्या दोघांखेरीज तिसरा मित्र नव्हता. घरी जाऊन त्यानं लच्चव्वाला सांगितलं. ती म्हणाली, “माझ्या सकिनालूंचं काय सांगणार आहात?” आणि ओदेलूच्या लक्षात आलं की, सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार.

दहाला कागद टेबलावर पसरला. रावसाहेबांनी चष्मा लावला आणि काढला. तीन ठिकाणचे ठिपके गायब होते. तिथं सरळ भरीव बाण होते, लाल, प्रत्येकावर एक दिवस, आणि सुरेख पाटीच्या अक्षरात लिहिलेलं: ‘सम्मय्या–युसूफ’.

“ओदेलूगारू, इथे काही काम नाही.”

“आहे, सार. अकरा वर्षं मी करत होतो. संच उघडला त्याच दिवशी तुम्ही मला बसवलंत.”

आणि त्यानं सांगितलं. परमिटं टेबलांवर एकेक दिवस कशी पडून राहिली ते सांगितलं. युसूफनं एकही खोटा दिवस लिहिला नाही हे सांगितलं. मग कंबर, मग व्हॉल्व्ह, मग खीर आणि सकिनालू. मान वर केली नाही. रावसाहेब तोंड उघडं ठेवून ऐकत होते, कारण हैदराबादला हे कुणी शिकवलं नव्हतं.

आधी सम्मय्या बोलला. “म्हणजे माझी आई गेली त्या वर्षी ती खीर...”

“माझ्या बायकोची, अन्ना.”

“आणि मी इतकी वर्षं माझ्या बायकोला सांगतोय, हा युसूफ साखरेला फार चिकट.”

युसूफमियाँ पुढे झुकला. तो रागावला की त्याचा आवाज खाली यायचा. “मी कधी चिकट नव्हतो. तुझ्या घरचे म्हणून आलेले सकिनालू मात्र दातांना पेलत नाहीत म्हणून मी दर वर्षी चहात बुडवून खाल्ले. तुझं मन मोडू नये म्हणून.”

“माझ्या घरचे? माझ्या बायकोच्या सकिनालूंसारखे अख्ख्या वसाहतीत नाहीत. विचार कुणालाही.”

“मग आण की कधी.”

“आणतो. पण ह्याच्या हातून नाही.”

दोघांनी एकदम ओदेलूकडे पाहिलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांचं कशावर तरी एकमत झालं होतं, आणि ते ह्या माणसाच्या नालायकपणावर. युसूफनं त्याला कंबर विचारणारा म्हटलं, सम्मय्यानं खोटारडा ट्रेसर म्हटलं, युसूफनं त्यात आणखी दोन शब्द घातले, आणि शिव्या कमी पडू लागल्या तेव्हा सम्मय्यानं बॉयलरला द्यायचं, खिशात राहिलेलं परमिट काढलं, सही केली आणि युसूफकडे सरकवलं. युसूफनं न बघता सही केली. रावसाहेबांनी घड्याळ पाहिलं. एवढं सगळं धरून सात मिनिटं झाली होती.

मेमो फाटला. संच एकोणतिसाव्या दिवशी चालू झाला, कारण पुढच्या पाच परमिटांवर दोघे समोरासमोर उभे राहूनच सह्या करत. मध्ये ओदेलू येऊ नये, एवढंच त्यांचं बघणं. आधी गेलेले तीन दिवस रावसाहेबांनी पावसावर ढकलले. त्यांचं पहिलंच खोटं, पण चांगलं जमलं.

लच्चव्वा महिनाभर फणकारत होती. साखर कमी आणि दातांना पेलत नाही, ही दोन वाक्यं तिनं साऱ्या गल्लीला ऐकवली.

त्या दिवसापासून सम्मय्या आणि युसूफ, दोघंही ओदेलूशी बोलेनात. पण नकाशा तर त्यालाच काढायचा असायचा, आणि दिवस तर त्यालाच सांगायला लागायचे. मग दोघं त्याच्या टेबलाशी जोडीनं येत. सम्मय्या खिडकीबाहेर बघत म्हणायचा, “युसूफ, ह्याला सांग, रोटर काढायला तीन दिवस.” आणि युसूफमियाँ, समोर दीड हातावर बसलेल्या ओदेलूला, अदबीनं सांगायचा, “सम्मय्या म्हणतोय, तीन दिवस.” ओदेलू मान खाली घालून तीन लिहायचा.