हौसाच्या रक्तातला आकडा

त्या सकाळी आम्ही दोघांनी मेथीची जुडी निवडली. हौसाच्या नाकाला ऑक्सिजनची नळी, मांडीवर परात. मी घाईनं जाड काड्या तशाच टाकत होतो. ती त्या वेचून माझ्या पुढ्यात ठेवायची. दम पुरत नव्हता म्हणून बराच वेळ नुसती बघत राहिली. शेवटी म्हणाली, "अवं, भाजी माणसाला करायचीय." दुपारी ती गेली.

हौसा माझी बायको. शेवगावच्या बाजूला आमची कोरडवाहू जमीन आणि दोन म्हशी. मी चौथी शिकलो, ती शाळेत गेलीच नाही. पण म्हैस कशी उभी आहे ते बघून तिचं दुखणं सांगायची. स्वस्थ बसलेली मी तिला क्वचितच पाहिली. कुणी बस म्हणालं की म्हणायची, "बसल्यावर हाडं गंजत्यात." एकदा मी म्हैस विकायला व्यापारी घरी आणला. तिनं त्याला चहा दिला आणि म्हणाली, "दादा, म्हस न्यायची तर ह्यास्नीबी न्या. दोघंबी आयतंच खात्यात." व्यापारी चहा पिऊन निघून गेला.

एका वर्षी अवकाळीत कडब्याची गंजी भिजली, आतून बुरशी धरली. चारा मिळत नव्हता, टाकून कोण देणार? हौसा तोच कडबा झटकून म्हशींना घालायची. पांढरी धूळ उडायची. मग तिला कोरडा खोकला लागला. पुढं पुढं हंडा उचलला तरी ओट्याला धरून उभी राहायची.

नगरला छातीच्या डॉक्टरीणबाईंनी सीटी स्कॅन काढला, नळीत फुंकायला लावलं आणि रक्त पुण्याला पाठवलं. आम्हाला कळेल असं सांगितलं. फुप्फुसाच्या आतल्या अस्तराला इजा झाली की तिथलं एक प्रथिन रक्तात उतरतं. इजा वाढली की त्याचा आकडा चढतो, थांबली की उतरतो. नुसत्या आकड्यावर निदान करत नाहीत, पण आजार कुठल्या वाटेनं चाललाय ते त्यावरून कळतं. हिचं दुखणं बुरशीच्या धुळीनं आलं होतं. गोळ्या चालू, गोठा बंद.

हौसा नेवाशाला लेकीकडं राहिली. दोन महिन्यांनी आकडा बराच खाली आला. डॉक्टरीणबाई खूश. हौसा म्हणाली, "म्हंजे रगत चुगली करतं म्हना की."

मग आमची धाकटी म्हैस व्याली. ती मला कासेला हात लावू देईना, पारडूही जवळ घेईना. मी नेवाशाला फोन लावला. ये असं म्हणालो नाही, पारडू ओरडतंय एवढंच सांगितलं. ती येणार हे मला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी एसटीनं आली, आणि हातातली पिशवी ओट्यावर टाकून सरळ गोठ्यात गेली. नेवाशाला परत गेलीच नाही.

पुढच्या तपासणीत आकडा चढला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गोठ्यात जाता का?"

हौसा म्हणाली, "न्हाई."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. मीही नाही म्हणून मान हलवली. खरं सांगितलं तर म्हशी विकाव्या लागतील, आणि मग हिच्याजवळ काय राहील, असं मला वाटलं. आणि तो कडबा मला टाकवत नव्हता, हेही खरं.

बाईंनी गोळ्या वाढवल्या. हौसाचं तोंड सुजलं, हात थरथरायला लागले, आकडा चढतच राहिला. शेवटी बाई म्हणाल्या, या गोळ्या हिला लागू पडत नाहीत, आणि फायलीत तसं लिहिलं. परत येताना एसटीत हौसा म्हणाली, "बाईचं औषद चांगलं हुतं वं. आपुनच त्याला खोटं पाडलं."

त्यानंतर मी म्हशी विकल्या, गंजी जाळली. तोवर तिच्या छातीत उरलं काय होतं? घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. डॉक्टरीणबाईंकडं मी आणखी दोनदा गेलो. दोन्ही वेळा गोठ्याचं खरं सांगितलं नाही.

तिला अग्नी दिला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या एसटीला निघालो. लेक आडवी आली. म्हणाली, "आप्पा, अजून राख सावडायचीय. सुतकात कुटं निघालात?" मी चप्पल घातली.

दवाखान्यात नंबर लावून बसलो. कंपाउंडरनं विचारलं, पेशंट कुठंय? मी म्हणालो, काल जाळली. त्यानं मला लगेच आत सोडलं.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. काही बोलणार होत्या, पण मी बोलू दिलं नाही.

"हौसाची फाईल काढा, बाई. गोळ्यांचं तुमी लिवलंय ते खोटं हाय."

त्यांनी फाईल काढली, चष्मा परत घातला, पेन उघडलं. म्हैस व्याली त्या दिवसापासून मी सांगायला सुरुवात केली.